काळाने मागे ठेवलेली गावे

फ्रान्सच्या रेल्वेचा नकाशा पुढे घेतला तर तो कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो. बहुतेक सारे मुख्य धागे पॅरिसला जाऊन मिळतात आणि त्या देशात जाणारा परदेशी प्रवासीही त्याच धाग्यांवरून पॅरिसला जातो नि तेथूनच माघारी फिरतो. लूव्रचे संग्रहालय, नोत्रदामचे मंदिर, आयफेलचा मनोरा एवढे पाहिले की फ्रान्स पाहिल्याचे समाधान त्याला लाभते. त्याच्याशी मला वाद घालावयाचा नाही. पॅरिस पाहण्यासारखे आहेच. परंतु ज्याच्यापाशी पंधरा दिवसांची सवड आहे, पायी चालण्याचा ज्याला कंटाळा नाही आणि ठरलेली गाडी चुकली म्हणून जो हळहळत बसत नाही, त्याने एकदा मोठ्या रस्त्यांवरून खाली उतरावे आणि आडवाटेच्या लहान गावांचा फ्रान्स पाहावा.

मोठी शहरे आपला भूतकाळ सतत गिळत असतात. १८५३ नंतरच्या काही वर्षांत बॅरन ओसमानने पॅरिसची शेकडो जुनी घरे आणि बोळ पाडून आजचे रुंद राजरस्ते काढले. असे करावयाला सत्ता लागते, तसाच पैसाही लागतो. लहान गावापाशी यांपैकी काहीच नसते. म्हणून एखादे गाव सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या रूपात आपल्यापुढे उभे राहते, तेव्हा तेथील लोक परंपरेचे फार अभिमानी असले पाहिजेत, अशी समजूत करून घेण्याची घाई करू नये. बहुधा असे आढळते की, कोणत्यातरी एका क्षणी त्या गावाचे दैव फिरले, आणि मग नवे बांधणे तर दूरच, जुने मोडण्याचीही ऐपत त्याला उरली नाही.

पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे दोनशे किलोमीटरवर, बर्गंडी प्रांतात, वेझले नावाचे गाव आहे. डोंगराच्या माथ्यावर मेरी मॅग्डालीनचे भव्य मंदिर आणि त्याच्याकडे चढत जाणारा एकच मुख्य रस्ता. दोन्ही बाजूंना जुनी दगडी घरे. गावाची वस्ती आज पाचशेच्या आत आहे. परंतु ३१ मार्च ११४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, येथल्या डोंगरउतारावर संत बर्नार्डने फ्रान्सच्या राजासमोर दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली, आणि ११९० साली इंग्लंडचा रिचर्ड व फ्रान्सचा फिलिप हे दोन राजे तिसऱ्या धर्मयुद्धासाठी येथूनच निघाले. एवढ्या लहान जागी एवढी माणसे का येत होती? मॅग्डालीनच्या अस्थी आपल्यापाशी आहेत, असे येथले मठवासी सांगत असत. आणि अस्थी असल्या की यात्रा भरते, यात्रा भरली की पेठ वसते, हा न्याय आपल्याकडच्या क्षेत्रांवरूनही आपल्याला समजण्यासारखा आहे. पुढे १२७९ साली दक्षिणेकडे, प्रोव्हान्समधील सें-माक्सिमें येथे, मॅग्डालीनच्या दुसऱ्या अस्थी सापडल्या! १२९५ मध्ये पोपने त्या नव्या अस्थींना मान्यता दिली. वेझलेचे यात्रेकरू ओसरले आणि गाव जे झोपले ते शतकानुशतके झोपूनच राहिले.

या मंदिरातील आतल्या दरवाजावर बाराव्या शतकातले एक विलक्षण शिल्प आहे. मध्यभागी ख्रिस्त असून त्याच्या हातांतून निघालेले किरण शिष्यांपर्यंत पोहोचत आहेत. आणि सभोवार, ज्यांच्यापर्यंत धर्म न्यावयाचा ती जगातील नाना प्रकारची माणसे कोरलेली आहेत. त्यांत कुत्र्याच्या तोंडाची माणसे आहेत, शिडी लावून घोड्यावर चढणारे बुटके आहेत आणि अंगभर पुरतील एवढ्या कानांचे एक कुटुंबही आहे. भारतीय प्रेक्षकाने या शेवटच्या मंडळींपुढे क्षणभर थांबावे. आपल्या महाभारतात सहदेवाच्या दिग्विजयाच्या वर्णनात ‘कर्णप्रावरण’, म्हणजे कान पांघरणारे, लोक येतात. चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनीसने अशाच लोकांची कथा ग्रीकांना सांगितली, आणि ग्रीक-लॅटिन ग्रंथांतून हिंडत हिंडत ही कल्पना युरोपच्या मठांत पोहोचली. कुत्र्याच्या तोंडाची माणसे तर ग्रीक लेखकांनी सरळ हिंदुस्थानातच वसविली होती. तेव्हा या डोंगरावरच्या शिल्पकाराने पृथ्वीच्या टोकाशी जी माणसे बसविली, त्यांतले काही जण आपलेच दूरचे नातलग होत, असे म्हणावयास हरकत नाही.

याच गावात रोमां रोलां हा लेखक १९३८ मध्ये राहावयास आला आणि ३० डिसेंबर १९४४ रोजी येथेच त्याचे देहावसान झाले. महात्मा गांधी, रामकृष्ण आणि विवेकानंद यांची चरित्रे लिहून ज्याने युरोपला भारताची वेगळी ओळख करून दिली, त्याचे अखेरचे घर त्या लांबकान्या मंडळींपासून हाकेच्या अंतरावर असावे, हा योगायोग मोठा मजेचा आहे. आज त्या घरात आधुनिक कलेचे संग्रहालय आहे.

वेझलेचे मंदिर आज उभे आहे याचे श्रेय मात्र यात्रेकरूंनाही नाही आणि मठवासीयांनाही नाही. फ्रान्सच्या सरकारने प्राचीन वास्तूंची पाहणी करण्यासाठी एक महानिरीक्षक नेमला होता. १८३४ साली त्या जागेवर प्रॉस्पेर मेरिमे हा तीस-एकतीस वर्षांचा लेखक आला. ‘कार्मेन’ या कथेमुळे पुढे तो जगाला माहीत झाला. परंतु मला त्याच्या कथांपेक्षा त्याची सरकारी नोकरी अधिक मोलाची वाटते. वेझलेच्या मंदिरात तो रेखाटने करीत बसला असता वरून दगडांचे तुकडे निखळून त्याच्याभोवती पडत होते. त्याने वरिष्ठांना निकराचा अहवाल पाठविला. अखेर १८४० मध्ये हे काम व्हिओले-ल-द्युक नावाच्या अवघ्या सव्वीस वर्षांच्या वास्तुशिल्पज्ञाकडे सोपविण्यात आले आणि ते पुढे जवळजवळ वीस वर्षे चालले. ही दोन नावे ध्यानात ठेवावीत, कारण दक्षिणेत आपली त्यांच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

बर्गंडीतून दक्षिणेकडे उतरताना लिओंच्या अलीकडे पेरूज नावाचे एक गाव टेकडीवर लागते. तेथे फार वेळ मोडण्याचे कारण नाही. एका दुपारी सारे पाहून होते. हे विणकरांचे गाव. मोठा रस्ता आणि रेल्वे दोन्ही टेकडीखालून गेल्यावर विणकर खाली उतरले, घरे ओस पडली आणि लोक ती पाडू लागले. १९११ साली काही मंडळींनी समिती स्थापन करून उरलेली घरे वाचविली. आता तेथील गोट्यांची फरसबंदी इतकी नीटनेटकी आहे की, ऐतिहासिक चित्रपटवाल्यांना ती फार आवडते. माझ्यासारख्याला मात्र तेथे माग कोठे ऐकू येत नाही, याचीच चुटपुट लागून राहते.

लिओंहून पूर्वेला आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी शाँबेरी आहे. ते पेरूजसारखे खेडे नव्हे, चांगले नांदते शहर आहे; पण फ्रान्समधील मोठ्या शहरांत त्याची गणना होत नाही. एकेकाळी ही सव्हॉयच्या ड्यूकांची राजधानी होती. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ड्यूक एमान्युएल फिलिबेर याने आपले आसन पर्वतापलीकडे तोरिनोस हलविले आणि १५७८ मध्ये ख्रिस्ताचे कफन म्हणून पूजिले जाणारे ते प्रसिद्ध वस्त्रही तिकडेच गेले. राजाही गेला, देवही गेला. मागे राहिला तो ड्यूकांचा वाडा आणि घरांच्या पोटातून जाणारे अरुंद बोळ. हे बोळ पाहत पाहत चौकात आले की मराठी माणूस थबकतो. समोर एका उंच स्तंभाच्या पायथ्याशी चार हत्ती चारी दिशांना तोंडे करून उभे आहेत आणि त्यांच्या सोंडांतून पाणी वाहत आहे. या हत्तींची मागची अंगे स्तंभातच विलीन झाली आहेत. त्यावरून गावकऱ्यांनी त्यांना जे नाव दिले आहे त्याचे सभ्य भाषांतर ‘पार्श्वभाग नसलेले चौघे’ असे करावे लागेल. स्तंभाच्या शिरावर उभ्या असलेल्या पुरुषाचे नाव आपल्या इतिहासग्रंथांत ‘डी बॉयन’ असे येते. महादजी शिंद्यांच्या कवायती कंपूंचा हाच तो सेनापती!

आपण त्याला फ्रेंच म्हणतो. पण १७५१ साली तो शाँबेरीत जन्मला तेव्हा हा मुलूख सार्डिनियाच्या राजाकडे होता. तो फ्रान्सच्या स्वाधीन झाला १८६० मध्ये, म्हणजे डी बॉयनच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. कातड्याच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा फ्रान्सच्या फौजेतील आयरिश पलटणीत होता, मग रशियाच्या चाकरीत गेला, तुर्कांच्या कैदेत पडला, मद्रासेस कंपनी सरकारच्या फौजेत राहिला आणि अखेर १७८४ मध्ये महादजींकडे आला. पाटीलबावांची पारख अशी की, पानिपताहून लंगडा पाय घेऊन परतलेल्या या पुरुषाने बंदूक, संगीन आणि वेळेवर पगार या तिहींचे सामर्थ्य ओळखले आणि हे परके शहाणपण निःशंकपणे कामाला लावले. १७९० सालच्या पाटण आणि मेडता येथील विजयांत या पलटणींचा वाटा केवढा होता, हे मराठी वाचकास सांगावयास नको. १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी पुण्याजवळ वानवडीस वारले आणि पुढच्या दोन वर्षांच्या आत डी बॉयनने शिंद्यांची चाकरी सोडून युरोपची वाट धरली.

त्याने बरोबर नेलेले धन त्याने गावासाठी खर्च केले, हे मान्य केले पाहिजे. वृद्धांसाठी आश्रम, मनोरुग्णांसाठी सोय, भिकाऱ्यांसाठी निवारा, अशा अनेक संस्थांना त्याने देणग्या दिल्या. सार्डिनियाच्या राजाने त्याला काउंट केले. त्याच्या पैशातून जुन्या वस्तीमधून एक सरळ रस्ता काढण्यात आला. त्याच्या दोन्ही बाजूंना कमानींच्या ओवऱ्या आहेत आणि पाऊस असला तरी माणूस कोरडा चालतो. म्हणजे दैव फिरलेल्या या गावाला जुनी घरे पाडण्याची ऐपत पुन्हा आली ती हिंदुस्थानच्या पैशाने! १८३० मध्ये तो वारला आणि १८३८ मध्ये गावाने हे हत्ती उभे केले.

या स्मारकावर जिला जागा नाही अशी एक व्यक्ती आहे. हिंदुस्थानात असताना डी बॉयनने एका मुसलमान घराण्यातील स्त्रीशी संसार मांडला होता. तिचे नाव नूर. तिला आणि दोन मुलांना तो इंग्लंडला घेऊन गेला. पण तेथे पोहोचल्यावर १७९८ साली त्याने एका फ्रेंच उमरावाच्या तरुण मुलीशी लग्न केले. ते फार दिवस टिकले नाही. नूर बेगम हेलेना बेनेट या नावाने इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात राहिली आणि १८५३ मध्ये तेथेच वारली. गंमत म्हणा की न्याय म्हणा, काउंट ही पदवी बापाच्या मागे चालविली ती तिच्याच, हिंदुस्थानात जन्मलेल्या, मुलाने. शाँबेरीच्या हत्तींपुढे उभे राहणाऱ्या मराठी माणसाने महादजींचे स्मरण करावे हे ठीकच. पण त्या बाईचेही करावे, असे मला वाटते.

येथून ऱ्होन नदीच्या खोऱ्याने समुद्राच्या दिशेला उतरत गेले की, सपाट, खारट, वाऱ्याने झोडपलेला प्रदेश लागतो. खाजणे, बोरू, मिठागरे, गुलाबी झाक मारणारे पाणी, आणि त्या सपाटीवर एकाएकी एक तटबंदीचा चौकोन. याचे नाव एग-मोर्त, म्हणजे ‘मृत जले’. तेराव्या शतकात फ्रान्सच्या राजाला भूमध्य समुद्रावर स्वतःचे बंदर नव्हते. नवव्या लुईने एका मठाकडून ही दलदलीची जमीन मिळविली, प्रचंड बुरूज बांधला, आणि येथूनच १२४८ मध्ये व पुन्हा १२७० मध्ये तो धर्मयुद्धास निघाला. दुसऱ्या खेपेला तो परत आलाच नाही. ट्युनिसजवळ रोगाने वारला. त्याच्या मुलाने आणि नातवाने गावाभोवती सुमारे सोळाशे मीटर लांबीचा तट पुरा केला. त्या तटावरून आजही गावाला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. समुद्र तटाला लागून होता, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. ती खरी नाही. लुईच्या वेळीही जहाजे खाजणांतून आणि कालव्यांतूनच समुद्राला मिळत असत. ते कालवे नदीच्या गाळाने भरत गेले. १४८१ मध्ये मार्सेय हे उत्तम बंदर फ्रान्सच्या राजाला मिळाले, तेव्हा गाळ उपसण्याचे कारणही संपले. आज समुद्र पाच-सहा किलोमीटरवर आहे.

बंदर गेले आणि बुरूज उरला. रिकामा बुरूज सरकारला नेहमी एकाच कामासाठी आठवतो. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. त्यानंतर सहा मीटर जाडीच्या भिंतींचा हा ‘कॉन्स्टन्सचा बुरूज’ त्यांचा तुरुंग झाला. पुरुषांची रवानगी बहुधा गलबतांच्या वल्ह्यांवर होई. म्हणून पुढे येथे मुख्यतः स्त्रियाच होत्या. १७३० साली मारी द्युराँ नावाची एकोणीस वर्षांची मुलगी येथे आणण्यात आली. तिचा भाऊ प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होता, हाच तिचा मुख्य अपराध. त्या भावाला दोन वर्षांनी फाशी देण्यात आले. सुटकेचा मार्ग कैद्यांना सदैव मोकळा होता. आपला पंथ सोडल्याचे एक वाक्य उच्चारले की दार उघडत असे. मारी द्युराँने ते वाक्य अडतीस वर्षे उच्चारले नाही. १७६८ च्या एप्रिलात, प्रांताचा कारभार पाहणाऱ्या एका उमरावाने दया येऊन तिला मोकळे केले, तेव्हा ती छपन्न वर्षांची होती. बुरुजाच्या वरच्या दालनात जमिनीच्या मध्यभागी एक गोल झरोका आहे. त्याच्या दगडी काठावर एक शब्द कोरलेला दिसतो. तेथील बोलीच्या वळणाने त्याची अक्षरे थोडी चुकलेली आहेत. पण अर्थ स्वच्छ आहे: ‘प्रतिकार करा’. तो तिनेच कोरला, असे परंपरा सांगते. तो एकटीचा असो वा अनेकींचा, कठीण दगडावर बाईच्या हाताने तो उमटावयाला किती दिवस लागले असतील, हा विचार तेथे मनातून जात नाही.

प्रवासी बुरूज पाहतात, मिठाच्या पुड्या विकत घेतात आणि जातात. त्या मिठाचीही एक कथा आहे. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मिठागरांवर हंगामी कामासाठी फ्रेंच आणि इटालियन मजूर आले होते. कामाचे पैसे वजनावर ठरत आणि जो हळू तो साऱ्या टोळीचे नुकसान करी. त्यातून भांडण पेटले, खोट्या अफवा गावात शिरल्या, आणि १७ तारखेला जमावाने इटालियन मजुरांची शिकार केली. काहीजणांनी एका बेकरीत आश्रय घेतला. सरकारी आकडा आठ मृतांचा आहे. आरोपींवर त्याच वर्षाच्या अखेरीस आँगुलेम येथे खटला चालला आणि ज्यूरीने सर्वांना निर्दोष सोडले. बुरुजात धर्मासाठी बंद झालेल्या स्त्रियांची आठवण फ्रान्स अभिमानाने करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या आठ मजुरांची कथा गावाच्या तोंडी यावयाला फार दिवस लागले.

पश्चिमेकडे वळून ओद नदीच्या काठी आले की दुरून कार्कासोनचा किल्ला दिसतो. दुहेरी तट, बावन्न बुरूज, टोकदार छपरे! लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकातून उचलून आणून ठेवल्यासारखे हे दृश्य आहे. येथली एक दंतकथा अशी की, शार्लमेनचा वेढा पडला असता कार्कास नावाच्या राणीने शेवटच्या धान्यावर पोसलेले डुक्कर तटावरून खाली फेकले. आत एवढा सुकाळ असेल तर बसून उपयोग काय, असे म्हणून शत्रू निघून गेला. कथा सुरेख आहे. मात्र शार्लमेनने या गावाला कधी वेढाच घातला नव्हता. खरा वेढा पडला १२०९ मध्ये. दक्षिणेतील कॅथार नावाच्या पंथीयांचा नायनाट करण्यासाठी पोपच्या आज्ञेने उत्तरेतून सैन्य आले. बेझिए शहराची कत्तल करून ते येथे पोहोचले. किल्ल्यातले पाणी आटले तेव्हा चोवीस वर्षांचा तरुण व्हाइकाउंट त्रांकाव्हेल बोलणी करावयास बाहेर आला आणि कैद झाला. नागरिकांचे प्राण वाचले, पण त्यांना सारे मागे टाकून जावे लागले. तरुण व्हाइकाउंट त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्याच किल्ल्याच्या अंधारकोठडीत मेला. पुढे राजाने हा किल्ला स्पेनच्या सरहद्दीवरचा पहारेकरी म्हणून बळकट केला, आणि १६५९ च्या तहाने सरहद्दच दक्षिणेला पिरेनीज पर्वताकडे सरकली.

पहारेकऱ्याचे काम संपले. दोन तटांमधल्या मोकळ्या पट्ट्यात गरीब विणकरांनी तटालाच पाठ लावून घरे बांधली. खालच्या शहरात ज्याला दगड हवा तो तटाचा दगड नेई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सरकारने किल्ला लष्करी उपयोगातून काढून टाकण्याचा, म्हणजे पाडून टाकण्याचा, निर्णय घेतला. क्रो-मेरव्हिएय नावाच्या स्थानिक इतिहाससंशोधकाने आरडाओरडा केला, महानिरीक्षक मेरिमेने त्याला साथ दिली आणि किल्ला वाचला. १८५३ पासून आपला तो वेझलेचा व्हिओले-ल-द्युक येथे कामाला लागला आणि १८७९ मध्ये मरेपर्यंत लागलेलाच होता.

त्याच्याविषयी फ्रान्समध्ये अजून दोन तट आहेत. जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला अशा पूर्णावस्थेस नेणे, जी कदाचित पूर्वी कधीच अस्तित्वात नव्हती, असे त्याचे मत होते आणि ते त्याने लिहूनही ठेवले. कार्कासोनच्या बुरुजांवर त्याने उत्तर फ्रान्समधील स्लेट दगडाची उंच टोकदार छपरे चढविली. दक्षिणेत छपरे बसकी आणि कौलारू असतात, अशी टीका त्याच्यावर तेव्हाच झाली आणि ती अस्थानी नव्हती. माझ्या मते तो नसता तर टीका करावयालाही किल्ला उरला नसता. परंतु टीकाकार छपरांवरून भांडत राहिले आणि दुसऱ्या एका गोष्टीकडे फारसे कोणी पाहिले नाही. तट मोकळा दिसावा म्हणून त्या विणकरांची घरे पाडण्यात आली आणि ती माणसे खाली नदीकाठी गेली. दोनशे वर्षे त्या तटाशी राहिलेली तीच काय ती खरी वस्ती होती. आज त्या पट्ट्यातून फिरताना उजव्या-डाव्या हाताला स्वच्छ दगड दिसतो. चुलीच्या धुराची एक काळी रेघसुद्धा कोठे नाही.

विसाव्या शतकात काही प्राचीन रोमन पायाच्या बुरुजांवरील स्लेट काढून तेथे पुन्हा कौले घालण्यात आली. आता खालच्या शहरातून जुन्या पुलावर येऊन वर पाहिले तर एकाच तटावर निळसर टोकदार छपरेही दिसतात आणि बसकी तांबडी कौलेही. उन्हे कलल्यावर दोहोंतला फरक अधिक स्पष्ट होतो.